मलागा बेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की बॉस्टन आणि न्यू जर्सीकडची मराठी कुटुंबे मेनला जातात. शेवंड खायची, दीपगृहांसमोर फोटो काढायचे, अकेडियाला सूर्योदय बघायचा आणि परत फिरायचे. वाटेत बाथ हे जहाजबांधणीचे गाव लागते. तिथून समुद्राकडे फिप्सबर्गचा फाटा फुटतो, पण तिकडे सहसा कोणी वळत नाही. त्या रस्त्याने सबॅस्कोच्या किनाऱ्यापर्यंत गेलात तर पाण्यापलीकडे झाडांनी गच्च भरलेले एक निर्मनुष्य बेट दिसते. ते मलागा. १९१२ सालापर्यंत तिथे माणसे राहत होती. त्यांना का उठवले, हे एकदा सांगायला घेतले की ऐकणारे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत.

बेट नेमके कुठे आहे आणि केवढे आहे?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. तिथे न्यू मेडोज नावाची नदी कॅस्को उपसागराला मिळते. त्या मुखाशी हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ४० एकर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बागायतदाराच्या जमिनीएवढे. किनारा इतका जवळ की वारा पडलेला असेल तर पलीकडून मारलेली हाक ऐकू यावी. पुढची हकिगत वाचताना हे अंतर लक्षात असू द्या. ही माणसे दूर कुठे जगाच्या टोकाला राहत नव्हती. त्यांची चूल पेटली की धूर समोरच्या गावाला दिसत होता.

तिथे लोक आले कुठून?

बेंजामिन डार्लिंग या कृष्णवर्णीय माणसापासून ही गोष्ट सुरू होते. १७९४ मध्ये त्याने जवळचेच हॉर्स आयलंड विकत घेतले. आज त्याला हार्बर आयलंड म्हणतात. डार्लिंग आधी गुलाम होता, जहाज फुटले तेव्हा त्याने मालकाचा जीव वाचवला आणि बदल्यात स्वातंत्र्य मिळवले, अशी एक कथा सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. खरेदी मात्र कागदोपत्री आहे. काळ्या माणसाच्या नावावर अख्खे बेट, तेही अठराव्या शतकात! पुढे सगळे कागद या कुळाच्या विरोधात गेले, म्हणून हा पहिला कागद मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्याची मुले-नातवंडे आसपासच्या बेटांवर पसरली. १८६०च्या दशकात त्यांतली काही घरे मलागावर आली. नंतर किनाऱ्यावरची गोरी कोळी कुटुंबेही येऊन मिळाली. आफ्रिकी, स्कॉटिश, आयरिश, पोर्तुगीज अशी रक्ते एकत्र आली. त्या काळात शिडाच्या जहाजांवर कृष्णवर्णीय खलाशी पुष्कळ असत, त्यामुळे बंदरांच्या गावांत अशी घरे दिसणे नवलाचे नव्हते.

पण अशी लग्ने कायद्याला चालत होती का?

नाही. १८२० मध्ये मेन मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्सने स्वतःकडची बंदी १८४३ मध्ये उठवली. मेनला त्यासाठी १८८३ साल उजाडावे लागले. म्हणजे मलागावरची पहिली पिढी संसार करत होती तेव्हा त्यांची लग्ने कायद्याच्या लेखी लग्नेच नव्हती. पुढे वर्तमानपत्रांनी ‘हे लोक लग्नाशिवाय एकत्र राहतात’ म्हणून नाके मुरडली. आधी लग्नाला मनाई करायची आणि मग लग्न नाही म्हणून बोट दाखवायचे, अशी ही तऱ्हा.

मेनमध्ये गुलामगिरी अठराव्या शतकाच्या अखेरीसच संपली होती आणि यादवी युद्धात तिथले हजारो तरुण उत्तरेच्या बाजूने लढले होते. ‘वर्णद्वेष दक्षिणेकडचा’ असे समजणाऱ्यांना हे बेट जरूर दाखवावे.

‘मिश्रवंशीय’ म्हणजे नेमके कोण काळे आणि कोण गोरे?

बेटावरच्या लोकांना याचे उत्तर देण्याची गरज कधी पडली असेल असे वाटत नाही. गरज होती ती शिरगणती करणाऱ्याला. १९१०च्या जनगणनेत ‘गोरा’ आणि ‘काळा’ यांच्या जोडीला ‘मुलाटो’, म्हणजे गोऱ्या-काळ्या मिश्र रक्ताचा, अशीही नोंद होती, आणि कोणाला कुठे घालायचे हे गणनेला आलेला माणूस चेहरा बघून ठरवायचा. एकाच आईची मुले वेगवेगळ्या रंगांची असत. जुन्या छायाचित्रांत ती ओळीने उभी दिसतात. बाहेरच्यांना नेमके हेच सलायचे. नुसत्या काळ्या वस्तीकडे त्यांनी कदाचित दुर्लक्ष केले असते. इथे रेषाच पुसली गेली होती.

पोट कशावर भरायचे?

समुद्रावर. मासेमारी, शेवंडांचे सापळे आणि ओहोटीला चिखल उकरून काढलेले शिंपले. कोकणात तिसऱ्या काढतात त्यातलाच प्रकार, फक्त पाणी हाडे गोठवणारे. शिवाय किनाऱ्यावरच्या शेतांत मजुरी आणि सुतारकाम. बायका उन्हाळी पाहुण्यांचे कपडे धुवायच्या. एका बाईचे घर म्हणजे जुन्या जहाजाची केबिन होती, आणि ती स्वतः कमावून खायची.

घरे बेटाच्या उत्तर टोकाला होती, शिंपल्यांच्या ढिगावर. ‘कचऱ्यावर राहणारे लोक’ असे याचे वर्णन झाले. प्रत्यक्षात ती जागा नीट विचार करून निवडलेली दिसते. शिंपल्यांच्या थरातून पाणी झटकन निचरते, त्यामुळे घराखाली चिखल होत नाही, आणि होड्या ओढायचा किनाराही तिथेच आहे. शिवाय हे ढीग मूळचे त्यांचे नव्हतेच. त्यांच्याआधी शेकडो वर्षे इथले मूलनिवासी शिंपले खाऊन कवचे तिथेच टाकत आले होते.

ते खरेच इतके गरीब होते का?

गरीब होते. १८९०च्या दशकात मासेमारी मंदावली, लाकडी जहाजे बांधण्याचा धंदाही बसला आणि हिवाळ्यात काही घरांना सरकारी मदतीवर राहावे लागले.

पण किनाऱ्यावरचे गरीब कोळी तरी वेगळे कुठे जगत होते? २००६ पासून सदर्न मेन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी बेटावर उत्खनन केले. तिथल्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा टिकत नाहीत, विरघळून जातात. शिंपल्यांच्या चुन्याने मात्र ती जपली. म्हणून मासे, पक्षी, जनावरे यांची हाडे मिळाली आणि या घरांत काय शिजत होते ते कळले. त्याबरोबर चिनी मातीच्या बशा, गुंड्या, औषधाच्या बाटल्या, तंबाखूच्या पाइपांचे तुकडे आणि गळ सापडले. त्या काळच्या कुठल्याही गरीब कोळ्याच्या घरात निघाव्यात अशाच या वस्तू. वर्तमानपत्रांनी रंगवलेली ‘रानटी वस्ती’ जमिनीखाली काही सापडली नाही.

मग समोरच्या गावांना एवढा राग कशाचा?

पहिले कारण खर्चाचे. त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मेन-मॅसॅच्युसेट्सच्या या ईशान्येकडच्या राज्यांत, गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या गावाची असे. माणूस कोणत्या गावचा हे ठरले की खर्च त्या गावच्या करदात्यांच्या डोक्यावर. मलागा फिप्सबर्गचे की पलीकडच्या हार्प्सवेलचे यावरून वाद सुरू झाला, आणि गंमत अशी की दोघेही ‘आमचे नाही’ म्हणत होते. जमिनीसाठी भांडणारी गावे आपण पुष्कळ पाहिली, जमीन ढकलण्यासाठी भांडणारी विरळा. १९०३ मध्ये विधिमंडळाने बेट फिप्सबर्गच्या गळ्यात बांधले. गावाने इतका आरडाओरडा केला की १९०५ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. बेटावरचे लोक थेट राज्याचे आश्रित ठरले. गावच नाही म्हटल्यावर गावातला एक माणूसही त्यांच्या बाजूने उभा राहायला बांधील नव्हता.

दुसरे कारण पर्यटन. जुने धंदे बुडत होते आणि बॉस्टन-न्यूयॉर्कचे पैसेवाले उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागले होते. आगबोटी, हॉटेले, सागरी बंगले यांच्यामुळे कालपर्यंत कवडीमोल असलेल्या किनाऱ्याला भाव आला. बंगल्याच्या व्हरांड्यातून समोर काय दिसावे, हाही आता पैशाचा प्रश्न झाला.

वर्तमानपत्रांनी काय छापले?

आळशी, दारुडे, चोर, आपसात लग्ने करून बुद्धी बिघडलेले, चहा-तंबाखूसाठी काहीही करणारे. मुलांना शिंगे असतात आणि ती भुयारांत राहतात, इथवर अफवा गेल्या. एका कोळ्याला ‘मलागाचा राजा’ अशी पदवी देऊन टाकली आणि मग राजाच्या झोपडीचे वर्णन करून हसून घेतले. फिरायला आलेल्यांच्या होड्या बेटाभोवती घिरट्या घालायच्या. पिंजऱ्यातले प्राणी पाहावेत तसे लोक ही घरे पाहून जायचे, आणि मलागाची चित्रपत्रेही विकली जात.

छायाचित्रे मात्र पत्रकारांच्या हातून निसटली असे म्हणावे लागेल. मजकूर काहीही असो, चित्रात स्वच्छ एप्रन घातलेल्या बायका, दारातले कुत्रे आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी पोरे दिसतात.

मदतीला कोणीच आले नाही?

आले. मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डनचे लेन कुटुंब धर्मकार्य म्हणून उन्हाळ्यात तिथे येई. त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. पहिले वर्ग बेटावरच्याच एका घरात भरले, मग वर्गणी जमवून १९०९ च्या सुमारास शाळेची चांगली इमारत उभी राहिली. मुले लिहू-वाचू लागली, शिवण आणि सुतारकाम शिकू लागली.

लेन कुटुंबाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वर्गणी मागायची तर दैन्य दाखवावे लागते. जेवढे दैन्य दाखवाल तेवढी वर्गणी, आणि तेवढीच ‘या लोकांचे काहीतरी करायला हवे’ ही ओरड. जिने आळशीपणाचा आरोप खोटा ठरवला ती शाळाच बेटाकडे सरकारचे लक्ष ओढणारीही ठरली.

राज्यपालाने स्वतः येऊन पाहिले होते का?

हो. फ्रेडरिक प्लेस्टेड १९११ मध्ये राज्यपाल झाले आणि त्याच जुलैत सल्लागार मंडळाला घेऊन मलागावर उतरले. शाळा पाहिली, मुलांशी बोलले. त्यांना चांगले वाटले असेही त्या वेळी छापून आले. आणि त्याच दौऱ्यानंतरच्या बातम्यांत त्यांच्या नावावर दुसरेही काही आहे : या झोपड्या घाणीसकट जाळून टाकाव्यात, आपल्या राज्याच्या पुढच्या दाराशी असले काही नको. ‘पुढचे दार’ या दोन शब्दांत सगळा मामला आला. परसदारी चालले असते.

जमीन त्यांची नव्हती का?

सातबारा कोणाच्या नावावर, हा आपला नेहमीचा प्रश्न. कागदावर मालकी पेरी नावाच्या किनाऱ्यावरच्या कुटुंबाच्या वारसांची होती. पन्नासेक वर्षे वस्ती होती तोवर त्यांनी कोणाला उठवले नाही. मेनमध्ये वीस वर्षांच्या उघड, अखंड ताब्यावरून मालकी सांगण्याचा कायदा आहे. पण असा दावा लावायला वकील लागतो, फी लागते आणि न्यायाधीशासमोर उभे राहण्याइतकी पत लागते. मंडळाच्या भेटीनंतर चक्रे भराभर फिरली आणि राज्याने वारसांकडून अख्खे बेट ४७१ डॉलरना विकत घेतले. एका सहीने पन्नास वर्षांचे रहिवासी अतिक्रमणवाले झाले. १ जुलै १९१२ च्या आत बेट रिकामे करा, असा हुकूम निघाला. घरांचे म्हणून थोडे पैसे दिले. कुठे जायचे ते सांगितले नाही.

आठ जणांना वेड्यांच्या इस्पितळात टाकले म्हणतात. खरे आहे?

आठ जणांना नेले हे खरे, पण ते वेड्यांचे इस्पितळ नव्हते. न्यू ग्लॉस्टर इथे १९०८ मध्ये राज्याने ‘मंदबुद्धींसाठी शाळा’ उघडली होती. ‘मंदबुद्धी’ हा शब्द तेव्हा निदान म्हणून वापरत, पण त्यात काय काय कोंबले होते ते पाहा : खरोखर बौद्धिक अपंगत्व असलेले, फेफरे येणारे, शाळा न मिळालेले, लग्नाआधी आई झालेल्या मुली आणि नुसते गरीब. मागे होती सुप्रजननशास्त्राची लाट. गरिबी, गुन्हेगारी आणि दुर्वर्तन रक्तातून उतरते, तेव्हा तसल्या रक्ताला पुढे वाढू देऊ नये, असे मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापक छातीठोकपणे सांगत होते. १९०७ मध्ये इंडियानाने सक्तीच्या नसबंदीचा जगातला पहिला कायदा केला. मेननेही १९२५ मध्ये तसा कायदा केला.

मिश्र रक्ताच्या वस्तीसाठी हे शास्त्र आयते हाताशी होते. नेलेले आठ जण बहुतेक एकाच घरातले, आईबाप आणि मुले. कागदावर सह्या करणाऱ्यांत राज्यपालांच्या सल्लागार मंडळातला एक डॉक्टरही होता. घर रिकामे करवण्याचा हुकूम आणि बुद्धीचे प्रमाणपत्र एकाच दालनातून निघाले, एवढे सांगितले तरी पुरे. त्यांतले काही जण त्या संस्थेतच वारले.

१ जुलैला पोलीस आले आणि घरे जाळली, असे वाचले होते.

सांगायला ते चित्र सोपे आहे, पण तसे झाले नाही. सरकारी माणूस आला तेव्हा जाळायला काही उरलेच नव्हते. लोकांनी आपापली घरे फळीफळीने उतरवली होती, होड्यांवर आणि तराफ्यांवर घालून नेली होती. खिळेसुद्धा वाया घालवायची सोय नव्हती. शाळेची इमारत राज्याने लाउड्स नावाच्या दुसऱ्या बेटावर हलवली. इमारत दुसऱ्या गावाला चालली, मुले चालली नाहीत.

थडगी का उकरली?

या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देऊ शकलेले नाही. जिवंत माणसे गेल्यावर त्याच शरद ऋतूत बेटावरची स्मशानभूमी खणली गेली. १७ जणांचे अवशेष पाच पेट्यांत एकत्र भरले आणि त्या मंदबुद्धींच्या शाळेच्या दफनभूमीत नेऊन पुरले. जे जन्मात कधी त्या संस्थेची पायरी चढले नाहीत तेही मेल्यावर तिचे झाले. वंशजांना परत यायला निमित्त उरू नये, असा अर्थ बहुतेक जण लावतात. मलाही दुसरा सुचत नाही.

उठवलेले लोक गेले कुठे?

मिळेल तिथे. काहींना किनाऱ्यावर नातेवाइकांनी ठेवून घेतले. बऱ्याच जणांना कोणत्याच गावाने टेकू दिले नाही, कारण आलेला माणूस आपल्या गावचा ठरला तर त्याचा खर्च अंगावर येईल ही धास्ती. एक कुटुंब घर तराफ्यावर ठेवून महिनोन्महिने या खाडीतून त्या खाडीत फिरत राहिले. आई आजारी पडली, वादळात बाप होडी वल्हवत मदत आणायला गेला. तो परत आला तोवर ती गेली होती आणि मुले तिला बिलगून बसली होती.

वंशज इतकी वर्षे गप्प का राहिले?

कारण ‘मलागाचा’ ही शिवी झाली होती. त्या किनाऱ्यावर शाळेच्या मैदानात भांडण झाले की पोरे तीच हाणायची. आडनावावरून ओळख पटायची, म्हणून घरात आजी-आजोबांविषयी बोलणेच बंद झाले. गोऱ्या रंगाच्या मुलांना आपल्या पणजोबांबद्दल म्हातारपणी कळले, अशीही उदाहरणे आहेत. २००० नंतर उत्खनन आणि रेडिओवरचे कार्यक्रम सुरू झाले तसे लोक हळूहळू पुढे आले. तरी गावात ‘कशाला जुने उकरता’ म्हणणारेही होतेच.

बेटावर हॉटेल बांधायच्या गप्पा होत्या ना? मग ते झाले का?

नाही. राज्याने बेट पुढे विकून टाकले आणि हॉटेलाच्या गप्पा हवेत विरल्या. १९१२ नंतर तिथे कोणीही राहिलेले नाही.

सरकारने माफी मागितली?

एप्रिल २०१० मध्ये विधिमंडळाने खेद व्यक्त करणारा ठराव केला. मजा म्हणजे त्याची फारशी वाच्यता झाली नाही. वंशजांना त्याचा पत्ताही लागला नाही, अशी तक्रार झाली. त्या सप्टेंबरात राज्यपाल जॉन बाल्डाची बेटावर गेले आणि वंशजांसमोर उभे राहून त्यांनी माफी मागितली. प्लेस्टेड उतरले होते त्याच किनाऱ्यावर, ९९ वर्षांनी. २०१२ मध्ये राज्याच्या संग्रहालयाने मलागावर प्रदर्शन भरवले. २०१७ मध्ये न्यू ग्लॉस्टरच्या दफनभूमीत बेटवासीयांचे स्मारक उभे राहिले. जमिनीचे म्हणाल तर ती वंशजांकडे आलेली नाही.

आज बेट कोणाचे? जाता येते का?

२००१ पासून ते मेन कोस्ट हेरिटेज ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि लोकांना खुले आहे. फेरी नाही. स्वतःची होडी किंवा कयाक लागते. प्रवाह जोरात असतो, त्यामुळे भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. आत झाडीतून पायवाट आहे. शेवंड पकडणारे स्थानिक लोक अजून तिथे सापळे रचून ठेवतात, त्यांना हात लावायचा नाही.

होडी लावाल तिथेच, उत्तर टोकाला, पायाखाली पांढरा चुरा करकरेल. ते शिंपले. घरे त्यांच्यावरच होती. मुलांना आवरा, कारण प्रत्येकाला एक तरी खिशात टाकावासा वाटतो.